पोर्श ७१८ केमन जीटीएस ४.० : दोन दिवस भाड्याने, शेजारच्या सीटवर आण्णा

सरळ सांगतो, ही गाडी मी फक्त आवाजासाठी घेतली होती. विकत नाही, भाड्याने, शनिवार-रविवार असे दोन दिवस, ७८० युरो आणि वर ५०० किलोमीटर फुकट. मी स्टुटगार्टला राहतो, पोर्शची फॅक्टरी त्सुफनहाउझनला म्हणजे माझ्या घरापासून ट्रामने अर्ध्या तासावर, रोज रस्त्यावर दहा-बारा पोर्श दिसतात आणि तरी आजवर कधी चालवली नव्हती. यंदा आण्णा कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेत. आण्णा म्हणजे वडील, एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर, निम्मं आयुष्य आंबा घाट आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर गेलेलं. म्हटलं घ्यायचीच आहे तर आण्णा इथे असताना घेऊ, इंजिन ऐकणारा माणूस शेजारी पाहिजे.

आधी गाडी कुठली आणि हीच का ते सांगतो, कारण ७१८ म्हणजे एक गाडी नाही. २०१६ ला पोर्शने बॉक्सटर आणि केमनचं नाव ७१८ केलं आणि आतलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो बसवलं, २.० लिटरला ३०० हॉर्सपॉवर, एस मॉडेलला २.५ लिटर आणि ३५०. कागदावर सगळं वाढलं, पॉवर वाढली, खालचा टॉर्क म्हणजे कमी फेऱ्यांवरचा ओढायचा जोर वाढला, शून्य ते शंभरचा टायमिंग सुधारला. आणि लोक नाराज झाले, कारण आवाज गेला. माझ्या एका कलीगकडे ती २.० ची आहे, मी तिच्यात बसलोय, गाडी वेगाला भन्नाट आहे, वळणाला जमिनीला चिकटते, पण आवाज खडखडाटी, जाड, एकाच सुरात अडकलेला. मग २०२० ला जीटीएस नावाच्या मॉडेलमध्ये त्यांनी ४.० लिटरचं सहा सिलिंडर परत आणलं, तेही टर्बोशिवाय. ४०० हॉर्सपॉवर, ७८०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ७८०० फेऱ्यांपर्यंत फिरणारं, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, वजन साधारण १४०० किलो. मी घेतली ती ही, २०२२ ची, मॅन्युअल. युरोपात २०२४ ला साध्या ७१८ ची विक्री बंद झाली, गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीचा नवा नियम आला आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवर ही गाडी त्यात बसत नव्हती, म्हणून आता जे आहे ते सेकंडहँड किंवा भाड्याने.

शनिवारी सकाळी गाडी घ्यायला गेलो तर आण्णांनी पहिलं काम काय केलं, बॉनेट उघडायला लावलं. समोर उघडलं तर डिकी. रिकामी, खोल, एक ट्रॉली बॅग उभी राहील एवढी. आण्णा म्हणाले, "मागं आसंल." मागचं दार उघडलं, तिथेही डिकीच. आता आण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "आरं मग इंजिन कुठंय ह्याचं?" मी त्यांना मागच्या डिकीतली दोन झाकणं दाखवली, एक ऑइलचं, एक कूलंटचं, बस, मालकाला इंजिनाचं एवढंच दर्शन होतं. इंजिन सीटच्या पाठीमागे, दोन्ही डिक्यांच्या मधे, पत्र्याखाली आडवं झोपलेलं असतं. आण्णांनी त्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले चालू कर. मी चालू केली आणि ते तसेच हात ठेवून उभे राहिले, चांगलं मिनिटभर. मला वाटतं या गाडीची याच्यापेक्षा चांगली ओळख कुणाची झाली नसेल.

थंड इंजिन चालू होतं तेव्हा ही गाडी जोरात ओरडते हे लक्षात ठेवा. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून सुरुवातीला रेव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, वर ठेवलेले असतात, अर्धा-पाऊण मिनिट, मग खाली येतात. डॅशबोर्डच्या खाली एक्झॉस्टचं बटन आहे, दोन नळ्यांचं चित्र असलेलं, त्याने सायलेन्सरमधले फ्लॅप उघडबंद होतात, पण थंड स्टार्टला त्याचा उपयोग फारसा नाही. रविवारी पहाटे सहाला सोसायटीतून काढताना मला फार वाईट वाटलं. जर्मनीत रविवार म्हणजे शांतता, बाटल्यांच्या डब्यात काचेची बाटलीसुद्धा टाकायची नसते. तुम्हाला शेजारी असतील तर गाडी आदल्या रात्री थोडी लांब लावा.

आता रस्ता. आम्ही ए८ हायवेने कार्लस्रूहे, तिथून ए५ ने बाडन-बाडन, आणि बाडन-बाडनपासून बी५००, म्हणजे श्वार्त्सवाल्ड-होखश्ट्रासं, ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून फ्रॉयडेनश्टाटपर्यंत जाणारा साठेक किलोमीटरचा रस्ता. हजार मीटर उंची, दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, मधेच झाडी संपते आणि खाली ऱ्हाइनचं खोरं दिसतं. आंबा घाटाची आठवण येणारच, फक्त इथे रस्त्याला खड्डा नाही आणि वळणावर टपरी नाही. बऱ्याच ठिकाणी लिमिट ७० चं आहे, कॅमेरे आहेत, आणि मोटरसायकलवाल्यांच्या आवाजाने तिथली गावं खरंच वैतागलेली आहेत, तेव्हा इथे रेस लावायला येऊ नका, तो विषयच नाही.

आणि इथेच मला पाहिजे होतं ते सापडलं. दुसऱ्या गिअरला, ६०-७० च्या स्पीडला, इंजिन साडेतीन-चार हजारवर फिरत असतं. वळणात शिरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून एक हलका, कोरडा आवाज येतो, खोल श्वास सोडल्यासारखा. वळणाच्या मध्यावर पाय अगदी थोडा, म्हणजे बुटाच्या आत अंगठा दाबावा तेवढा दाबला की लगेच, त्याच क्षणी, आवाज भरतो. मधे काही नाही, वाट बघणं नाही, आधी बुस्ट मग पॉवर असलं काही नाही. पाय किती दाबला ते कानाला कळतं आणि कानाला कळलं तेवढंच चाकाला गेलेलं असतं. पाच-सहा वळणं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी रेव्ह काउंटरकडे बघतच नाहीये. समोर मधोमध मोठा, सुंदर गोल काउंटर आहे, पोर्शचा नेहमीचा, पण नजर पुढच्या वळणावर आणि गिअर कधी बदलायचा ते कान सांगतोय.

मी हे आण्णांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय? आमी काट्याकडं बघून चालवायचो व्हय?" जुन्या गाड्यांना गिअर टाकायला डबल क्लच मारायला लागायचा, क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक झटका, परत क्लच आणि मग खालचा गिअर, आणि तो झटका किती द्यायचा ते इंजिनाच्या आवाजावरूनच, जास्त झाला तर गिअर कर्रर्र करून तोंडावर मारणार, कमी झाला तरी तेच. अंधारात, पावसात, मागे पन्नास माणसं झोपलेली, घाट उतरायचा. त्यांना रेव्ह मॅचिंग हा शब्द माहीत नाही पण ३१ वर्षं त्यांनी तेच केलं. ही गाडी स्पोर्ट मोडला तो झटका स्वतः देते, गिअर खाली टाकला की आपोआप. आण्णांना ते आवडलं नाही. म्हणाले बंद कर, तू मार. मग मी नॉर्मल मोडला घेऊन स्वतः मारायला लागलो, ब्रेकवर पंजा, टाचेच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर, पहिले पाच-सहा कच्चे गेले, मग एक असा बसला की गाडी हललीसुद्धा नाही, फक्त आवाज एक पायरी वर चढून तिथे थांबला. शेजारून आवाज आला, "हां. आता."

मला या गाडीबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे खरं तर. स्पोर्ट्स कारचा आवाज हा दाखवायचा दागिना आहे असं लोकांना वाटतं, म्हणून एक तर ते सायलेन्सर कापून रस्ताभर धडधडत फिरतात नाहीतर आवाज नकोच म्हणतात. पण चालवणाऱ्यासाठी आवाज ही बातमी आहे. इंजिनावर किती लोड आहे, अजून किती शिल्लक आहे, टायर पकडतोय का घसरतोय, हे सगळं हात, पाठ आणि कान मिळून कळतं आणि त्यातला कान काढला की उरलेल्या दोघांवर ताण येतो.

म्हणून बाहेर आणि आत ऐकू येणारा आवाज वेगळा धरायला पाहिजे. या गाडीचा बाहेरचा आवाज, म्हणजे मी आण्णांना गाडी चालवत माझ्या समोरून जायला सांगू शकत नव्हतो, म्हणून बी५०० वरच्या मुमेलझे तळ्याच्या पार्किंगमध्ये उभा राहून दुसऱ्या एका ७१८ चा ऐकला, तो ठीक आहे, छान आहे, पण जुन्या सहा सिलिंडरवाल्यांइतका मोकळा नाही. कारण आहे. युरोपात २०१८ पासून डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना पार्टिकल फिल्टर जवळपास अनिवार्यच झाला, तो म्हणजे सिरॅमिकची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, काजळी पकडायला लावलेली पण आवाजही खाते. वर आवाजाचे नियम, २०१४ च्या युरोपियन नियमात तीन टप्पे ठरले, नेहमीच्या गाडीला ७२ डेसिबलवरून ७० आणि मग ६८, ताकदवान गाड्यांना थोडी सूट पण उतरण त्यांनाही आहे. आणि डेसिबल हा लॉगचा हिशोब असतो, तीन कमी केले म्हणजे आवाजाची ताकद निम्मी झाली. मला हे नियम चूक वाटत नाहीत. बी५०० वरच्या घरात मी राहत असतो तर मीच पहिला अर्ज केला असता. पलीकडे ऑस्ट्रियात टिरोलच्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वर नोंद असलेल्या मोटरसायकलींना बंदीच आहे, आणि ही नोंद म्हणजे गाडीच्या कागदावरचा यू.१ नावाचा रकाना, उभ्या गाडीचा आवाज. भाड्याची गाडी घेताना तो रकाना वाचा, आपण काय चालवतोय ते कळतं.

आतला आवाज मात्र वेगळा, आणि तो या गाडीत फार श्रीमंत आहे, कारण इंजिन पाठीला लागून आहे. तुमच्या आणि त्याच्यामधे एक पत्रा आणि थोडं कार्पेट. एक्झॉस्टपेक्षा जास्त ऐकू येते ती हवा आत ओढली जाण्याची, दाराच्या मागच्या जाळीतून आत जाणारी, घशातून निघाल्यासारखी घरघर, मग पाच हजारच्या पुढे त्यात धातूचा एक चमकदार सूर मिसळायला लागतो. टर्बोमध्ये हेच मरतं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसवलेला पंखा, प्रत्येक सिलिंडरमधून धक्क्याने येणारा धूर तो पंखा फिरवण्यात आपला जोर घालवतो आणि पलीकडे जे येतं ते गुळगुळीत, टोकं मोडलेलं. इंजिनियर म्हणून मला टर्बो आवडतो, फुकट जाणारी एनर्जी वापरतो बिचारा. पण गातो कमी.

गातो म्हणालो ते नुसतं बोलायचं म्हणून नाही, हिशोब करून बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडर एका फेरीत तीन वेळा. ७८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १३० फेऱ्या, गुणिले तीन, ३९० ठोके. आमच्या आईकडे पेटी आहे, गल्लीतल्या भजनी मंडळात ती वाजवते, लहानपणापासून घरात काळी चार, पांढरी पाच ऐकत वाढलोय. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी पाच म्हणजे ३९२ हर्ट्झ. आणि ३९०० आरपीएमला १९५ ठोके, म्हणजे बरोब्बर खालची पांढरी पाच. म्हणजे ही गाडी एका गिअरमध्ये ३९०० वरून लाल रेघेपर्यंत, म्हणजे ७८०० च्या हद्दीपर्यंत नेली की पांढरी पाचपासून पांढरी पाचपर्यंत एक अख्खं सप्तक चढते, मींड घेत, मधे कुठेही न तुटता. आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला टाकलं की वरच्या सा वरून खाली येते ते मला पंचमाच्या आसपास वाटलं. तिथून परत चढायला सुरुवात. बॉक्सर सहामध्ये, म्हणजे तीन-तीन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेल्या या इंजिनात, ठोके अगदी सारख्या अंतराने पडतात, क्रँकच्या दर १२० अंशांना एक, म्हणून तो सूर लागलेला वाटतो. अर्थात एका सुराने आवाज बनत नाही, त्याच्यावर बाकीचे शंभर स्वर असतात, एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी, सायलेन्सरची पोकळी, सगळं त्यात उतरतं, पण पाया हा.

आता एक गोष्ट जी मला वाचून माहीत होती आणि आण्णांनी न वाचता पकडली. फ्रॉयडेनश्टाटच्या अलीकडे एका गावातून आम्ही ५० ने चाललो होतो, वरचा गिअर, दोन हजारच्या आत रेव्ह, एक्झॉस्ट बंद. आण्णा खिडकीतून घरं बघत होते आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज बसला ह्याचा. काय झालं?" मी म्हटलं काही नाही, बरोबर चाललीय. म्हणाले, "न्हाई. अर्धं इंजिन बंद पडल्यागत वाटतंय." आणि अर्धं इंजिन खरंच बंद होतं! या ४.० लिटरला पेट्रोल वाचवायला अशी सोय आहे की साधारण १६०० ते ३००० आरपीएममध्ये, लोड कमी असताना, एका बाजूच्या तीन सिलिंडरचं पेट्रोल बंद होतं आणि गाडी उरलेल्या तिघांवर चालते. दोन्हीकडचे कॅटॅलिटिक गरम राहावेत म्हणून दर वीस सेकंदांनी बाजू बदलते. आता ठोक्यांचा हिशोब लावा, सहाचे तीन झाले, म्हणजे गाडीचा वेग तोच, इंजिनाचा वेग तोच, पण सूर बरोबर एक सप्तक खाली, खर्जात. मी ज्या गाडीबद्दल पंधरा व्हिडिओ बघून गेलो होतो तिच्यात मला ते ऐकू आलं नव्हतं, नंतर मुद्दाम कान देऊन ऐकलं तेव्हा आलं, सीटच्या पाठीत अगदी बारीक गुरगुर. मी आण्णांना समजावून सांगितलं तर त्यांना त्या गोष्टीचं कौतुक वाटलं, म्हणाले उतारावर एसटीला हे असतं तर डिझेल किती वाचलं असतं, आणि मग उरलेल्या प्रत्येक गावात ते बोट वर करून मला सांगत होते, "आता तीन. आता परत सहा."

खोट्या आवाजाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्टिरिओच्या स्पीकरमधून आत सोडलेला होता, फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांत समोरच्या काचेच्या खाली एक थरथरणारं यंत्र बसवतात, ते काचेलाच वाजवतं. मला पूर्वी या सगळ्याचा राग यायचा. मग मागच्या वर्षी ह्युंदाईची आयोनिक ५ एन अर्धा तास चालवली, संपूर्ण इलेक्ट्रिक, दोन टनांच्या वर वजन, त्यात गिअरच नाहीत तरी आठ खोटे गिअर आहेत, आवाज स्पीकरचा, सगळं खोटं. पण त्या गाडीने एक गोष्ट केलीय, तुम्ही वेळेवर गिअर बदलला नाहीत तर ती खोटी लाल रेघ लागते आणि मोटरची ताकद खरोखर अडते, गिअर टाकला की पाठीला खरोखर झटका बसतो. म्हणजे आवाज बनावट असला तरी तो सांगतो ते खरं आहे. अर्ध्या तासात मी कानाने गिअर बदलायला लागलो होतो. त्या दिवसापासून माझा राग स्पीकरवर नाही, माझा राग आहे तो नुसत्या फटफट फुटणाऱ्या एक्झॉस्टवर, पाय सोडला की ठरवून मारलेले फटाके, इंजिनाला त्याची काही गरज नसताना. ते ऐकून गाडीबद्दल काहीही कळत नाही. आपल्याकडे बुलेटला लावतात तेच, आणि मग पोलीस रोडरोलरखाली ते सायलेन्सर चिरडतात ते बरंच करतात. ७१८ जीटीएसमध्ये एक्झॉस्ट उघडा ठेवला तर थोडं गुरगुरणं आहे, पण बेतात आहे, फटाके नाहीत.

दोष सांगतो. सगळ्यात मोठा म्हणजे गिअर लांब आहेत, फार लांब. दुसरा गिअर १२५ च्या वर जातो आणि तरी लाल रेघ आलेली नसते. म्हणजे बी५०० सारख्या रस्त्यावर, जिथे लिमिट ७० ते १००, तिथे ते सप्तक कधीच पुरं होत नाही, तुम्ही खालच्या अर्ध्यात फिरत राहता. एवढं सुंदर इंजिन आणि एवढा सुंदर, छोट्या हालचालीचा, घट्ट गिअरबॉक्स, आणि ते दोघं भेटतात ऑटोबानवर! गिअर आखूड केले असते तर वीस टक्के कमी वेगात पूर्ण मजा आली असती. ज्याने हे ठरवलं त्याने कागदावरचा पेट्रोलचा आकडा बघून ठरवलं असणार. बाकी स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, वजन आणि अचूकपणा सुंदर, पण रस्त्याचा खडबडीतपणा हाताला कमी येतो, कानाला जास्त येतो, कारण मागचे टायर रुंद आणि ऑटोबानच्या काँक्रीटवर ते घोंघावतात, १३० ला इंजिनपेक्षा टायरच जास्त ऐकू येतात. जीटीएसचं सस्पेन्शन २० मिलिमीटर खाली आहे तरी नॉर्मल मोडला गाडी चांगली वागते, आण्णांच्या कमरेने तक्रार केली नाही. तक्रार गुडघ्यांनी केली, आत बसायला आणि मुख्य म्हणजे बाहेर निघायला. आधी दोन्ही पाय बाहेर, मग दाराची चौकट धरून उठायचं, ही पद्धत तिसऱ्या वेळेस जमली. घरातलं मोठं माणूस घेऊन जाणार असाल तर पार्किंगला बाजूला जागा बघून लावा, दार लांब आहे.

भाड्याच्या दुकानाबद्दल थोडक्यात, नाव घेत नाही. गाडी स्वच्छ होती, टायर चांगले होते, समजावून सांगणारा मुलगा मनापासून सांगत होता. परत देताना उजव्या मागच्या रिमवर एक ओरखडा आहे म्हणून डिपॉझिट अडकवलं, तो ओरखडा मी घेतानाच होता, माझ्याकडे सकाळचे फोटो होते म्हणून निभावलं, तरी पैसे यायला तीन आठवडे लागले. चारही रिमचे जवळून फोटो काढा, दुकानासमोरच काढा, वेळ दिसेल असे काढा. दोन दिवसांत माझे ४२० किलोमीटर झाले, ५०० पुरतात.

परत येताना फ्रॉयडेनश्टाटहून होर्ब आणि तिथून ए८१ धरला. हा रस्ता रिकामा असतो आणि काही टप्प्यांत लिमिट नाही. पांढऱ्या गोलावर तिरक्या काळ्या रेघांची पाटी आली, पुढे-मागे कुणी नव्हतं, मी तिसऱ्यावरून दुसऱ्याला घेतली, टाचेचा झटका, बसला, आणि पाय पूर्ण खाली. चार हजारपर्यंत घरघर, पाच हजारला धातू, सहा हजारला केसांच्या मुळाशी काहीतरी होतं, आवाज मोठा होत नाही तर बारीक आणि कडक होत जातो, तारेसारखा, आणि अजून पुढे जागा आहे हे कळत असतं. सात हजारला आण्णा ओरडले, "आरं बदल की, फाटंल!" आणि मी बदलला. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तिथेच आवाज आला, "बदल!" आयुष्यभर ज्या माणसाने कमी रेव्हचं डिझेल इंजिन जपलं त्याच्या कानाला यापुढे इंजिन जिवंत राहील हे पटतच नव्हतं, आणि मलाही त्यांना घाबरवायचं नव्हतं. पण चौथ्या वेळेला ते स्वतःच म्हणाले, "पुन्हा एकदा घे." रविवारी पहाटे ते झोपलेले असताना मी एकटा ए८१ ला गेलो आणि ७८०० ला टेकवून आलो. त्या शेवटच्या आठशेत काय आहे ते लिहिता येत नाही मला, घशाशी दाटून आलं एवढं सांगतो.

आण्णांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं, डेपोतल्या मित्रांना पाठवायला. रविवारी संध्याकाळी ऐकलं तर नुसती खरखर, वाऱ्याचा आवाज, मधेच त्यांचाच "बदल". त्यांना फार लागलं ते. "ह्यात काय सुदीक आलं न्हाई," म्हणाले. मग कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि आईला म्हणाले पेटी घे. आणि त्यांनी तोंडाने तो आवाज काढला, खालून सुरू करून वर नेत, आमच्या आण्णांना भजनाचा गळा आहे, आणि वर जिथे गाडी बदलली तिथे सूर धरून ठेवला. आई एक-एक पट्टी दाबत होती. हा नाही, हा नाही, थोडा वर. मी शेजारी बसून पांढरी पाचची वाट बघत होतो. आईचं बोट एका पट्टीवर थांबलं, दोघांचे सूर मिळाले, आण्णांनी मान हलवली, आणि आई म्हणाली, "पांढरी चार आहे ही."

मी म्हटलं एक पट्टी कमी पडली, आण्णांना आठवण्यात चूक झाली असेल. रात्री झोपताना सहज हिशोब केला. पांढरी चार म्हणजे ३४९ हर्ट्झ. सात हजार भागिले साठ, गुणिले तीन, ३५०.